सराव राहतो कुठे?

गिटारवाल्याच्या हाती युकुलेली आली की तो घटकाभरात गाणं वाजवू लागतो. गिटारच्या पाचव्या फ्रेटवर कॅपो लावून बारीक चार तारा घेतल्या, की युकुलेलीचे जी-सी-ई-ए मिळतात. फक्त जी एक सप्तक वर. बोटांची ठेवण तीच राहते, कॉर्डचं नाव तेवढं बदलतं. मॅन्डोलिन मात्र त्याला जमिनीवर आणते. तिथे जी-डी-ए-ई, म्हणजे गिटारच्या जाड चार तारांचा क्रम नेमका उलटा. बुद्धीला हे लगेच कळतं. बोटं मात्र जुन्याच जागी जाऊन बसतात.

मग शिकलेलं असतं कुठे?

मोरिस मर्लो-पाँती या फ्रेंच तत्त्वज्ञाने १९४५ च्या ‘फिनॉमिनॉलॉजी ऑफ परसेप्शन’मध्ये ऑर्गनवादकाचं उदाहरण घेतलं. अनोळखी ऑर्गनवर पट्ट्या कमी-जास्त असतात, कळांची जागा वेगळी असते. तरी तासाभराच्या सरावानंतर वादक कार्यक्रमाला तयार होतो. तेवढ्या वेळात तो नकाशा पाठ करत नाही. त्याचं शरीरच त्या वाद्यात वस्तीला जातं. सवयीचा मालक देह, असं मर्लो-पाँतीचं म्हणणं.

सतराव्या शतकातल्या नैयायिक अन्नंभट्टाला हे पटलं नसतं. ‘तर्कसंग्रहा’त तो संस्काराचे तीन प्रकार सांगतो: वेग, भावना आणि स्थितिस्थापक. वाकवलेली वस्तू पूर्ववत होते ती स्थितिस्थापकामुळे. अनुभवातून उपजणारी आणि आठवणीला कारण होणारी ती भावना, आणि तिचं घर केवळ आत्मा. बोटांकडे मालकी नाहीच. मॅन्डोलिनवर चाचपडणाऱ्या गिटारवाल्याला हे सांगून पाहावं! तो मर्लो-पाँतीच्याच बाजूने साक्ष देईल.

पण बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनचं काय? १९६५ मध्ये ‘नॉर्वेजियन वुड’ या गाण्यासाठी त्याने सतार वाजवली, पुढच्या वर्षी पंडित रविशंकरांकडे शिकायला मुंबई गाठली. सतारीवर एकाच पडद्यावरून तार ओढून चार-पाच स्वर काढता येतात. त्या मींडेसाठी डाव्या हाताला नव्याने घडावं लागतं. १९६८ च्या सुमारास सतार मागे ठेवून तो गिटारकडे परतला. मग १९७० च्या ‘माय स्वीट लॉर्ड’मध्ये त्याची स्लाइड गिटार ऐकू येते, स्वरांमधून घसरत जाणारी. स्लाइडची नळी तारेवर नुसती टेकवून सरकवायची असते; सतारीतली ओढ तिथे कामाची नाही. तरी तो स्वर सतारीच्या सहवासाशिवाय असा झाला असता, हे मानणं जड जातं. हाताची सवय सुटली आणि कानाची टिकली, असं म्हणावं, तर इथे अन्नंभट्टाचं पारडं जड होतं.

गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिनने तर वाद्यालाच हात घातला. वीणा शिकल्यावर ‘शक्ती’ या गटासाठी त्याने वेगळी गिटार बनवून घेतली: फ्रेटांमधलं लाकूड कोरून खोलगट केलेलं, म्हणजे तार हवी तितकी ओढता यावी, शिवाय झंकारासाठी तिरक्या बसवलेल्या सात जादा तारा. तिच्यावर गमक काढणारी बोटं मात्र गिटारवाल्याचीच होती.