तपासणारा कोणी नसताना

छतावरची सोलर ग्रिडला जोडायची तर आधी वीज कंपनीचा माणूस काम पाहतो, मग मीटर बसतो. ट्रॉम्बे कोळीवाड्यातल्या होडीवरचं एक पॅनल, एक बॅटरी आणि चार दिवे पाहायला कोण येणार? घारापुरी बेटालासुद्धा २०१८ साली समुद्राखालून विजेची केबल पोचली. होडीला ती सोय नाही, तिला सोलरच. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे २०२३ चे विनियम आहेत, वायरिंगसाठी आयएस ७३२ आहे. पण धक्क्यावर ते हातात घेऊन कोणी उभं नसतं. मग होड्यांवर सोलर बसवणारा मी काम नीट करतो ते नक्की कशापायी?

गिऱ्हाईक म्हणतं, "अहो, बारा व्होल्टला कसला शॉक?" शॉक नाहीच, आग लागते. होडीवर १००० वॉटचा इन्व्हर्टर लावला, तर तो पूर्ण लोडवर चालवायला बारा व्होल्टच्या बॅटरीतून ८० अँपिअरच्या वर करंट निघतो. २३० व्होल्टवर तेवढ्याच कामाला साडेचारही पुरतात. घरातली दीड चौरस मिलिमीटरची वायर बॅटरीकडे लावली तर शेगडीच्या कॉइलसारखी तापेल. शिवाय एसी करंट सेकंदाला शंभरदा शून्यावर येतो, त्यात ठिणगी विझायला वाव मिळतो. डीसीत तो नाही, म्हणून ब्रेकर डीसीचाच हवा. बरं, पॅनलला ऊन आहे तोवर ते बंदही करता येत नाही.

हे समजावलं की बिलात फ्यूज, डीसी ब्रेकर अशा दोन-चार वस्तू वाढतात आणि मला बरं वाटतं. सुरक्षेमुळे की बिलामुळे? खरं सांगायचं तर दोन्हींमुळे. पण याहून अवघड जागा पुढे आहे. ज्याला परवडत नाही त्याला मी नाही म्हणतो. तो दुसऱ्याकडून फ्यूजशिवाय काम उरकून घेतो. माझं नाव राखलं जातं, होडी मात्र धोक्यातच. अशा नकारात त्याची काळजी थोडी, माझ्या नावाचीच जास्त, असं मला वाटतं.

तेव्हा पैसे कमी असतील तर पॅनल लहान घ्यावं, दिवे दोनच लावावेत. खाऱ्या हवेसाठी कलई केलेली तांब्याची वायर आणि बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरात फ्यूज, यांत काटछाट नको.

तुमच्याकडे अशी सोलर असेल तर तो फ्यूज आहे का आणि ब्रेकरवर डीसीचे व्होल्ट छापलेत का, हे आजच पाहा. नसतील तर ज्यानं बसवलं त्याला बोलवा.