गाडी विकली, पण नाव?



आपल्या मानकोली नाक्यावर रात्रंदिवस गाड्यांची वर्दळ असते. आपल्यापैकी कित्येकांच्या दारात टेम्पो, मोटार किंवा मोटारसायकल आहे. कधी ना कधी ती विकायची वेळ येते. ओळखीतलेच गिऱ्हाईक मिळते. चहा होतो, पैसे मोजले जातात, किल्ली हातात दिली जाते. मग 'कागदाचे नंतर बघू' असे म्हणून आपण कोऱ्या टी.टी. फॉर्मवर सही करतो आणि मोकळे होतो. पण खरेच मोकळे होतो का?

२००७ साली एका माणसाने आपली मोटार विकली. आर.सी.वरचे नाव मात्र बदलले गेले नाही. गाडी एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे जात राहिली. २००९ साली तिच्या अपघातात एक मूल दगावले. भरपाई कोणी द्यायची हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०१८ साली निकाल लागला : आर.सी.वर ज्याचे नाव, तोच मालक, तोच जबाबदार.

आपल्याला वाटेल, हा अन्याय आहे. गाडी त्याच्या ताब्यात नव्हती, चालवत दुसराच होता. पण थोडे त्या मुलाच्या घरच्यांकडे पाहू या. गाडी कोणी कोणाला विकली, याचा माग काढत त्यांनी दारोदार फिरायचे का? न्यायालयाने नेमका हाच विचार केला.

व्यवहाराच्या वेळी आपल्याला दोनच माणसे दिसतात, घेणारा आणि देणारा. दोघांचा एकमेकांवर विश्वास असतो. पण तिसरा एक माणूस तिथे नसतो : उद्या रस्त्याने चालणारा अनोळखी माणूस. नाव बदलण्याचा कागद मुख्यतः त्याच्यासाठी असतो. त्याने आपल्यावर विश्वास ठेवलेला नाही, म्हणून आपला आपसांतला विश्वास त्याच्या काही उपयोगाचा नाही. कोऱ्या फॉर्मवर सही करणे म्हणजे आपले नाव कोणाच्याही हाती सोडून देणे होय.

घेणाराही सुटत नाही. फी वाचवण्यासाठी दुसऱ्याच्या नावावर गाडी फिरवायची आणि दंडाची चलाने जुन्या मालकाच्या मोबाइलवर जाऊ द्यायची, याला काटकसर म्हणता येणार नाही. ते आपले ओझे दुसऱ्याच्या खांद्यावर टाकणे आहे.

यिर्मया संदेष्ट्याने अनाथोथचे शेत सतरा शेकेल रुप्याला घेतले, तेही सख्ख्या चुलतभावाकडून आणि शहराला वेढा पडलेला असताना. तरीही त्याने साक्षीदार बोलावले, खरेदीखतावर सही-शिक्का केला आणि ते मातीच्या भांड्यात जपून ठेवायला लावले. नाते जवळचे म्हणून त्याने कागद टाळला नाही.

कायदा सोपा आहे. राज्यातल्या राज्यात गाडी विकली, तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आर.टी.ओ.ला कळवायचे आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत नाव बदलून घ्यायचे. फॉर्म २९ आणि ३०. विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करण्यासाठी घेणाऱ्याने अर्ज करायचा. गाडीवर कर्ज असेल, तर आधी बँकेचा बोजा उतरवायचा. नुसता नोटरीचा स्टँपपेपर पुरत नाही.

म्हणून आपण एवढे ठरवू या : किल्ली देण्याआधी दोघांनी मिळून अर्ज पुरा भरायचा आणि आर.सी.वर नवे नाव आलेले डोळ्यांनी पाहायचे. तोवर गाडी दुसऱ्याच्या दारात उभी असली, तरी ती आपलीच आहे असे समजायचे.