लेखनातील उमेदवारी आणि प्रकाशनाचा अधिकार

ज्याला अजून नीट लिहिता येत नाही, त्याने आपले लिखाण प्रसिद्ध करावे काय? आपल्याकडे हा प्रश्न सहसा अभिरुचीचा म्हणून मांडला जातो, आणि तसा मांडला की त्याचे उत्तरही ठरून जाते: आधी शिकावे, मग लिहावे, पुष्कळ लिहून फाडून टाकावे, आणि नंतर जमलेच तर प्रसिद्ध करावे. या उपदेशात व्यवहारज्ञान आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्यात एक गृहीतक दडलेले आहे. शिकणे ही खासगी क्रिया असून प्रकाशन हे ती संपल्यानंतरचे, तिच्याबाहेरचे कृत्य आहे, असे हा उपदेश मानून चालतो. हे गृहीतक तपासू लागलो की प्रश्न अभिरुचीच्या प्रांतातून नीतीच्या प्रांतात येतो, आणि तेथे तो बराच अवघड होतो.

सद्गुण अंगी कसे बाणतात हे सांगताना ॲरिस्टॉटलने कारागिरीचा दाखला दिला आहे. घरे बांधूनच माणूस गवंडी होतो, वाद्य वाजवूनच वादक होतो. त्याचप्रमाणे न्याय्य कृत्ये करूनच तो न्यायी होतो. दाखला पटतो, पण लेखनाला लावताना अडखळतो. वादकाला दार लावून रियाज करता येतो. त्याचा सूर चुकला तर कोणाचे काही बिघडत नाही. गवंड्याची पहिली भिंतही कोणाच्या तरी घराची असते. लेखक या दोघांपैकी कोणासारखा? शब्दयोजना, वाक्यरचना, परिच्छेदाची बांधणी यांचा सराव वहीत होऊ शकतो. मात्र जो आपल्याला ओळखत नाही आणि ज्याच्याजवळ जाऊन आपल्याला काय म्हणायचे होते हे समजावता येणार नाही, अशा वाचकाला उद्देशून लिहिणे हे लेखनाचे मर्म आहे. आणि त्या मर्माचा सराव त्या वाचकाच्या गैरहजेरीत कसा व्हावा? रोजनिशी लिहून रोजनिशीच लिहिता येऊ लागते. तेव्हा प्रकाशन हे शिकण्याचे बक्षीस नसून त्याचाच एक भाग आहे, असे म्हणावे लागते.

हा पेच आपल्या काव्यशास्त्रकारांना अपरिचित नव्हता. मम्मटाने काव्यहेतूंमध्ये काव्यज्ञांच्या शिकवणुकीने केलेल्या अभ्यासाला स्थान दिले. पण त्या अभ्यासकाळातले काव्य कोणाला ऐकवायचे, याची चर्चा तो करीत नाही. राजशेखर करतो. ‘काव्यमीमांसे’त त्याने कवीच्या दहा अवस्था सांगितल्या आहेत आणि त्यांतील आरंभीच्या दोन फार मार्मिक आहेत. ‘हृदयकवी’ मनातल्या मनात रचना करतो आणि ती लपवून ठेवतो. ‘अन्यापदेशी’ एक पायरी पुढे येतो: तो स्वतःचे काव्य लोकांपुढे म्हणतो, पण दोष निघतील या भयाने ते दुसऱ्या कोणाचे आहे असे सांगून म्हणतो. राजशेखराने या दोघांची हेटाळणी केली आहे असे मला वाटत नाही. त्याने त्यांना क्रमात बसवले आहे. या पायऱ्या केवळ कौशल्याच्या नाहीत, तर लोकांसमोर येण्याच्याही आहेत. अन्यापदेशी कवी श्रोत्यांचा प्रतिसाद घेतो, दायित्व मात्र घेत नाही. शिकण्याचा अर्धा वाटा त्याच्या पदरी पडतो. उरलेला अर्धा ‘हे माझे आहे’ असे म्हटल्यावाचून मिळत नाही, कारण आपल्या वाक्याला आपणच जबाबदार आहोत ही जाणीव वाक्य जसे बदलून टाकते, तसे कोणताही गुरू बदलू शकत नाही.

याविरुद्धचा सर्वांत जुना आणि अजूनही सर्वांत सबळ आक्षेप प्लेटोच्या ‘फीड्रस’मधला आहे. लिहिलेला शब्द कोणाच्याही हाती पडतो. काही विचारले तर तो उत्तर देत नाही, आणि त्याच्यावर अन्याय झाला तर त्याला स्वतःचा बचाव करता येत नाही, असे सॉक्रेटिस तेथे म्हणतो. शिकाऊ लेखकाच्या बाबतीत या आक्षेपाला दुसरी बाजूही आहे, जिचा विचार सॉक्रेटिसाने तेथे केलेला दिसत नाही. अनाथ शब्दावर अन्याय होतो हे खरे; पण अनाथ शब्द अन्याय करतोही. ज्याच्याविषयी तो लिहिला गेला, त्याला या उमेदवारीची किंमत मोजावी लागते, आणि त्याची संमती कोणी घेतलेली नसते.

एकोणिसाव्या शतकातील मराठी गद्याकडे या दृष्टीने पाहण्यासारखे आहे, कारण तेथे केवळ लेखक शिकाऊ नव्हते, भाषाही शिकाऊ होती. गोपाळ हरी देशमुखांनी १८४८ मध्ये भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’ साप्ताहिकात ‘लोकहितवादी’ या नावाने पत्रे लिहावयास आरंभ केला, तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते. १८५० पर्यंत अशी १०८ पत्रे झाली. ती सलग वाचणाऱ्याला पुनरुक्ती खटकते, काही ठिकाणी विचार अर्ध्यावर सोडून दिलेला आढळतो, मागल्या पत्रातील विधानाला पुढल्या पत्रात छेद गेलेला दिसतो. हे दोष आपण आज दोष म्हणून मोजतो. परंतु आठवड्याच्या मुदतीवर, विषय पुरता पचण्यापूर्वी, वाचकांसमोर विचार करीत जाण्याची ती रीत होती, आणि मराठी वैचारिक निबंध पुष्कळसा याच रीतीने घडला. लोकहितवादींनी ही पत्रे दहा वर्षे पेटीत ठेवून सुधारली असती तर ती अधिक नेटकी झाली असती. १८४८ ची मात्र राहिली नसती. (टोपणनावाविषयी एवढेच: ते दायित्व टाळण्यासाठी घेतलेले नाव नव्हते. त्याच नावाने ते पुढे जन्मभर ओळखले गेले.)

याहून कठीण कसोटी मुक्ता साळवे हिच्या निबंधाची आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांच्या शाळेत सुमारे तीन वर्षे शिकलेल्या या चौदा वर्षांच्या मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदया’त दोन भागांत प्रसिद्ध झाला. वेद जर आमचे नव्हेत तर आमचा धर्म कोणता, हा प्रश्न तीत ती थेट देवालाच विचारते. लेखनाची परिपक्वता हा प्रकाशनाचा निकष मानला तर हा निबंध शाळेच्या वहीतच राहावयास हवा होता. आणि तो तेथे राहिला असता तर पुढे परिपक्व होऊन आला असता, असेही नाही; कारण याखेरीज तिचे लेखन आपल्यापर्यंत आलेले नाही. ‘तयार झाल्यावर लिही’ हा उपदेश ज्याच्यापुढे बराच अवकाश आहे त्याला शहाणपणाचा वाटतो. ज्याच्या वाट्याला बोलण्याची एकच संधी येणार आहे, त्याच्या बाबतीत तोच उपदेश मूकपणाची शिक्षा होतो. तयारीला वेळ लागतो, आणि वेळ ही समाजात समान वाटली गेलेली गोष्ट नाही.

नेमकी हीच गोष्ट विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या ध्यानात आली नाही, किंवा आली तरी त्यांनी ती मनावर घेतली नाही. ‘निबंधमाला’ त्यांनी १८७४ मध्ये सुरू केली तीही वयाच्या चोविसाव्या वर्षी. ८४ अंकांच्या या मासिकाचे लेखक तेच, संपादक तेच. कोणाची परवानगी नाही, कोणाची कात्री नाही. मराठीत एकट्याने लिहून एकट्याने प्रसिद्ध करण्याचा इतका सलग आणि इतका परिणामकारक प्रयोग क्वचितच झाला असेल. या मालेतच त्यांनी फुल्यांच्या लेखनाचा समाचार घेताना त्यांच्या व्याकरणाची आणि भाषेची टवाळी केली. मालाकारांचा हात वडिलांच्या, कृष्णशास्त्र्यांच्या, ‘शालापत्रका’त आधीच वळलेला होता, घरातच विद्यापीठ होते. स्वतःच्या उमेदवारीचा खर्च ज्याला भरावा लागला नाही, तो दुसऱ्याच्या उमेदवारीला अशुद्धतेचा दंड करीत होता. शुद्धलेखनाचा आग्रह वाईट आहे असे माझे म्हणणे नाही (विद्यार्थ्यांच्या प्रबंधिका तपासताना तो मीही धरतो). पण तो आग्रह लेखनाकडे जाण्याचा रस्ता दाखवतो की रस्त्यावरचा नाका होतो, हे प्रत्येक वेळी पाहावे लागते. फुल्यांनी १८८५ मध्ये ग्रंथकारसभेचे निमंत्रण नाकारले, त्यामागे या नाक्यांचा अनुभव नसेल असे कसे म्हणावे?

विसाव्या शतकात हाच वाद संपादकाच्या टेबलाभोवती झाला. ‘सत्यकथे’ने लेखनाची उमेदवारी ही संस्था म्हणून चालविली. कथा परत यायची ती सूचनांसह. राम पटवर्धनांची पुनर्लेखन सुचविणारी पत्रे अनेक लेखकांनी कृतज्ञतेने आठवली आहेत. दुसरीकडे दिलीप चित्रे, अरुण कोलटकर आदींच्या ‘शब्द’पासून पुढे लघुअनियतकालिकांची परंपरा सुरू झाली: सायक्लोस्टाइलवर काढलेली थोडी पाने, थोड्या प्रती, मधे कोणी नाही. १९६९ मध्ये ‘सत्यकथे’च्या अंकाची होळी झाली तेव्हा जळत होते ते मासिक नव्हे, ‘तू अजून तयार नाहीस’ हे वाक्य होते. आज मागे वळून पाहताना दोन्ही बाजूंना न्याय देणे सोपे आहे, म्हणून मी ते करणार नाही. संपादकाच्या पत्राने कथा सुधारते. पण ते पत्र कोणाला लिहायचे, ही निवड त्यापूर्वीच झालेली असते. आणि सायक्लोस्टाइलच्या पानाने निवड मोडली, तरी त्या पानावर ज्याची निंदा छापली गेली त्याला उत्तर द्यायला पान मिळाले नाही. १९८२ मध्ये ‘सत्यकथा’ बंद पडली. बहुतेक लघुअनियतकालिके त्याआधीच थांबली होती. आता तर लिहिणे आणि प्रसिद्ध करणे यांच्यातले अंतरच नाहीसे झाले असून पटवर्धनांचे पत्र लिहायला कोणी उरलेले नाही.

येथे माझा स्वतःचा पुरावा द्यावयास हवा. माझे छापून आलेले पहिले लेखन म्हणजे एका कवीच्या पहिल्या संग्रहाचे परीक्षण. मी नुकताच एम. ए. झालो होतो, नवसमीक्षेची परिभाषा हाताशी होती आणि ती चालवून पाहण्यासाठी काही तरी हवे होते. संग्रह सामान्य होता, हे मत आजही बदललेले नाही. पण त्यातील दोन ओळी संदर्भातून तोडून मी त्यांची जी थट्टा केली, ती वाचक हसावा म्हणून केली. आणि वाचक हसले. त्या कवीने पुढे काही प्रसिद्ध केले नाही. माझ्या परीक्षणामुळे, असे मानणे आत्मप्रौढीचे होईल. त्याचा काहीच वाटा नव्हता, असे मानणे सोयीचे होईल. तो कवी आणि मी, दोघेही त्या वेळी शिकत होतो. फरक इतकाच की त्याच्या चुकांची किंमत त्याने मोजली आणि माझ्या चुकांचीही त्यानेच.

म्हणून ‘प्रसिद्ध करण्याइतकी तयारी झाली आहे काय’ हा प्रश्न मी आता विचारीत नाही. कच्च्या कवितेने, घाईच्या विचाराने, फसलेल्या कथेने लेखक स्वतःचीच अब्रू पणाला लावतो. तो अधिकार त्याचा आहे आणि तो कोणी काढून घेऊ नये. जेथे लिखाण दुसऱ्या कोणाला पणाला लावते तेथे उमेदवारीची सबब चालत नाही; नवशिक्यालाही तेथे जाणत्याइतकेच उत्तरदायी व्हावे लागते. तरी ही सीमा स्वच्छ आहे, असा माझा दावा नाही. मुक्ता साळवेच्या निबंधानेही कोणावर तरी आरोप केलेच होते, आणि ते केले नसते तर तो निबंधच झाला नसता. तिने ते बलवानांवर केले, स्वतःच्या नावानिशी आणि जातीनिशी केले, आणि सोसलेले सांगून केले, हे तीन मुद्दे माझ्या मते निर्णायक आहेत. पण चौथा कोणी दाखवून दिला तर मला तो हवा आहे.

मागल्या वर्षी एका विद्यार्थिनीने तिचा पहिला लेख वाचायला दिला. एका हयात कादंबरीकारावर होता. ‘सर, हा पाठवण्याजोगा झाला की सांगा,’ असे ती म्हणाली. मी भाषेच्या चुकांना हात लावला नाही; चौथ्या पानावरच्या एका वाक्याखाली तेवढी रेघ ओढली. त्या वाक्यात तिने कादंबरीकारावर दुसऱ्याचे कथानक उचलल्याचे सुचविले होते. आठ दिवसांनी लेख परत आला. वाक्य तिने काढले नव्हते; त्याखाली दोन्ही कादंबऱ्यांतील प्रसंग पृष्ठांकांसह समोरासमोर मांडले होते, आणि दुसऱ्या कादंबरीचे प्रकाशनवर्ष तपासताना आपली मूळ शंका निम्मी चुकीची ठरली, हेही तिथेच लिहिले होते. लेख तिने त्याच दिवशी पाठवला.