एकत्र गाण्याची नीति

सोलापूर शहरांत सायंकाळीं एखाद्या पेठेंतून चाललें असतां मागांच्या खडखडाटांतून टाळमृदंगाचा नाद कानीं पडावा, हा अनुभव येथील रहिवाशांस नवा नाहीं. भजनास बसलेल्या मंडळींत कोणी विणकर असतो, कोणी कारकून, कोणी दुकानदार. कोणाच्या घरांत मराठी बोलतात, कोणाच्या तेलुगु, कोणाच्या कानडी. यांपैकीं बहुतेकांस एकट्यानें गावयास सांगितलें तर ते संकोचानें मान खालीं घालतील. तेच गृहस्थ चारचौघांत बसले म्हणजे मोकळ्या गळ्यानें गातात. ज्यांस कोणी गवई म्हणणार नाहीं अशा माणसांच्या या गाण्याचा उपयोग काय, व त्यानें माणूस चांगला होतो काय, या प्रश्नाचा थोडा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

शरीरास व मनास होणारा लाभ उघड आहे. एका लयींत गावयाचें तर श्वासही एका लयींत घ्यावा लागतो. स्वीडनमधील गोथेनबर्ग येथील संशोधकांनीं २०१३ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असें आढळून आलें कीं, एकत्र गाणाऱ्यांच्या हृदयाचे ठोके गीताच्या रचनेला अनुसरून बरोबरच मंद व जलद होतात. आमच्या भजनी मंडळींस हें सांगावयास प्रयोगशाळा लागली नसती. दिवसभराचा शीण दोन घटकांत उतरतो, हें त्या अनुभवानें जाणतात. परंतु श्वास जुळला म्हणजे मनें जुळलीं, आणि मनें जुळलीं म्हणजे आचरण सुधारलें, असा जो सोपा हिशेब पुष्कळ जण मांडतात, तो मात्र आम्हांस मान्य नाहीं.

एस्टोनिया या चिमुकल्या देशांत १९८८ सालीं मोठाले जनसमुदाय टाळिन शहरांतील गीतोत्सवाच्या मैदानावर जमून आपल्या भाषेंतील गीतें गात होते, व १९९१ सालीं तो देश पुन्हां स्वतंत्र झाला. हें उदाहरण ऐकून कोणाचाही ऊर भरून येईल. पण १९३३ नंतरच्या जर्मनींत कोवळ्या मुलांच्या पलटणी एका सुरांत गात रस्त्यांतून चालत होत्या, हेंही विसरतां येत नाहीं. त्यांचे सुर जुळले होते, पावलें जुळलीं होतीं, आणि त्याच शिस्तींत त्यांना द्वेषाचे धडे दिले जात होते. तेव्हां एकत्र गाणें ही एक शक्ति आहे, एवढेंच आपणांस म्हणतां येईल. ती आपण होऊन सज्जनपणा निर्माण करीत नाहीं.

याचें उदाहरण शोधण्यास जर्मनीपर्यंत जावयास नको. तें आमच्याच जिल्ह्यांत आहे. चोखोबांचे अभंग पंढरीच्या वाटेवर सर्व जातींचे लोक शतकानुशतकें गात आले. परंतु चोखोबांच्या जातीच्या माणसांस विठोबाच्या मंदिरांत पाऊल टाकण्याची बंदी होती. १९४७ सालच्या मे महिन्यांत साने गुरुजींनीं पंढरपुरांत उपोषण करून प्राण पणास लावले, तेव्हां कोठें तें दार उघडण्याचें मान्य झालें. इरावतीबाई कर्वे वारीस गेल्या असतां, एकाच दिंडींत दिवसभर एकत्र गाणारीं माणसें जेवावयास मात्र जातवार वेगळीं बसतात, हें पाहून त्यांचें मन व्यथित झालें, व त्यांनीं तें लिहून ठेविलें. गळे एक झाले, पंगती एक झाल्या नाहींत. मुखानें गाइलेलें कानांपर्यंत पोंचलें नाहीं, असेंच याविषयीं म्हणावें लागेल.

मग या गाण्याचा नैतिक लाभ कांहींच नाहीं काय? आमच्या मतें आहे, व तो गाण्यांत नसून ऐकण्यांत आहे. समूहांत गाणाऱ्याचा पहिला धर्म हा कीं, शेजाऱ्याचा आवाज आपणांस ऐकूं येईल इतपतच आपला आवाज ठेवावा. जो केवळ आपलाच गळा ऐकतो, तो कितीही सुरेल असला तरी समूहांत गात नाहीं. ज्याचा सुर उतरतो त्यास हांकून न देतां सांभाळून नेणें, ज्याची लय पुढें धांवते त्यानें मागें वळणें, हें शिक्षण तेथें रोज मिळूं शकतें. मात्र तें घेणारा पाहिजे.

या बाबतींत वारकऱ्यांची एक रीत आम्हांस फार मोलाची वाटते. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी मुक्कामास पोंचली म्हणजे समाज-आरतीसाठीं सर्व दिंड्या पालखीभोंवतीं उभ्या राहतात. टाळांचा गजर चाललेला असतो. चोपदारानें दंड उंच केला कीं सर्व टाळ एकदम थांबतात. पण ज्या दिंडीची कांहीं तक्रार असेल, ती आपले टाळ थांबवीत नाहीं. त्या अफाट शांततेंत तेवढेच टाळ खणखणत राहतात. मग चोपदार त्या दिंडीकडे जातो, गाऱ्हाणें ऐकून घेतो, व त्याची वाट लावल्यानंतर आरती होते. हजारोंनीं थांबावयाचें आणि एका दिंडीचें ऐकावयाचें, अशी सोय ज्या समूहानें आपल्या रिवाजांतच करून ठेविली, त्यास आम्ही खरा समूह म्हणूं. पलटणींच्या गाण्यांत अशा थांबण्यास जागा नव्हती. तेथें वेगळा वाजणारा टाळ हा गुन्हा ठरला असता.

आतां आम्हां सुशिक्षितांविषयीं दोन शब्द. आम्ही गाणें ऐकतों पुष्कळ. खिशांतील यंत्रांत वाटेल त्या गवयास केव्हांही हांक मारतां येते. परंतु घरांत चार माणसें मिळून गाणें मात्र दुर्मिळ झालें आहे. ‘आम्हांला कोठें गातां येतें?’ असें आम्ही म्हणतों, व हा आपला विनय आहे असें मानतों. वस्तुतः तो बहुतेक अभिमानच असतो. आपली उणीव चारचौघांत उघडी पडूं नये, एवढीच त्यामागची काळजी असते. पेठेंतल्या त्या विणकरास ही काळजी नाहीं, म्हणून तो आपला बेसूर गळाही शेजाऱ्यांच्या हवालीं करूं शकतो.

आमच्या वाचकांनीं सहकुटुंब जवळच्या भजनास जाऊन मागल्या ओळींत बसावें, व येईल तसें गावें, असें आम्ही सुचवितों. गातांना आपल्या दोन्ही बाजूंस काय चाललें आहे तें ऐकावें. आणि घरीं परततांना एवढें आठवून पाहावें कीं, आज आपले टाळ थांबले असतां आणखी कोणाचे वाजत होते काय.