घरचा प्रिंटर की नाक्यावरचा स्टुडिओ?

पूर्वी एका रोलमध्ये छत्तीस फोटो निघत. बटण दाबण्याआधी आपण दोनदा विचार करीत असू, आणि रोल संपला की तो धुवायला स्टुडिओत द्यावाच लागे. आता मोबाईलमध्ये हजारो फोटो पडून असतात. त्यांतले कोणते छापायचे, आणि छापायचे तर घरी की दुकानात, हे आपणच ठरवायचे असते. वरवर पाहता हा पैशांचा प्रश्न आहे. पण तो तेवढाच आहे का?

काही वर्षांपूर्वी मुलांच्या शाळेच्या कामासाठी आमच्या घरी रंगीत प्रिंटर आला. 'आता दुकानाची पायरी चढायला नको', असे आम्ही मोठ्या ऐटीत सर्वांना सांगितले. धाकट्याच्या प्रथम कम्युनियनचा फोटो आम्ही घरीच छापला आणि आईला दिला. तिने तो खाटेशेजारी, खिडकीतून ऊन येते त्या भिंतीवर लावला. दोन-तीन उन्हाळ्यांत नातवाचा चेहरा पार फिका पडला. आईने तक्रार केली नाही. ती एवढेच म्हणाली, "माझी नजरच कमी झाली असेल." आम्ही ऐकले आणि गप्प राहिलो. शेजारीच तिच्या लग्नाचा स्टुडिओतला काळा-पांढरा फोटो अजून स्वच्छ दिसत होता.

असे का होते? घरगुती इंकजेट प्रिंटर कागदावर शाईचे अतिसूक्ष्म थेंब उडवतो. पाण्यात विरघळणाऱ्या रंगांची साधी शाई ऊन, दमटपणा आणि हवेतला ओझोन यांनी लवकर उडते. पिगमेंटची शाई अधिक टिकते. लॅबमध्ये बहुधा प्रकाशाला संवेदनशील असलेल्या कागदावर लेझरने चित्र उमटवतात आणि तो कागद रसायनांत धुतात. रोलच्या काळातल्या फोटोचीच ही रीत. उन्हात तोही उडतो, पण सावकाश. जुन्या काळ्या-पांढऱ्या फोटोत तर चित्र चांदीच्या कणांचे असते, म्हणून तो इतकी वर्षे राहतो.

पैशांचा हिशेबही आपण अर्धाच करतो. प्रिंटर महिनाभर बंद राहिला की शाई तोंडाशी सुकते. ती मोकळी करताना आणखी शाई खर्च होते. कागदाची किंमत आपण मोजतो, ही वाया गेलेली शाई मोजत नाही.

याचा अर्थ घरी छापणे वाईट, असा नाही. एखादी प्रत तातडीने हवी असते. आजारी माणसाचा एखादा फोटो परक्या नजरेला पडू नये असे वाटते. तिथे घरचा प्रिंटरच बरा. दुकानातही चुका होतात. मोबाईलचा फोटो चार बाय सहाच्या कागदावर बसवताना कडेच्या माणसाचे डोके कापले जाते. म्हणून सांगून, पाहून काम करून घ्यावे. व्हॉट्सअॅपवर आलेली आकसलेली प्रत न देता मूळ फोटो द्यावा. चार बाय सहा इंची चांगल्या प्रिंटसाठी साधारण १२०० बाय १८०० पिक्सेल पुरतात.

तेव्हा दोष यंत्राचा नव्हता. आपले काम लवकर उरकावे, एवढेच आम्ही पाहिले. घेणाऱ्याला ते किती वर्षे पुरेल, हे पाहिले नाही. दुसऱ्याच्या हाती काही देताना कोणते माप लावायचे, हा खरा प्रश्न आहे. स्वावलंबन चांगलेच, पण आपल्या सोयीला आपण स्वावलंबन म्हणत नाही ना, हे तपासून पाहायला हवे.

शेवटी आम्ही तोच फोटो घेऊन नाक्यावरच्या स्टुडिओत गेलो. सावलीत गेलेला मुलाचा चेहरा दुकानदाराने न सांगता थोडा उजळ करून दिला. काचेची फ्रेम करून आम्ही तो खिडकीपासून दूर लावला. आई बराच वेळ पाहत राहिली. मग आम्ही तिला खरे ते सांगितले, "आई, दोष तुझ्या डोळ्यांचा नव्हता, आमच्या शाईचा होता."

या आठवड्यात आपणही मोबाईलमधला एक फोटो निवडू या. तो कुठे छापायचा हे ठरवण्याआधी, तो कोणाच्या भिंतीवर लागणार आहे हे आठवू या.