भाराला जागणारी हाडं

पाठ टेकू नका; खुर्चीत थोडं पुढे सरकून बसा. दोन्ही तळपाय जमिनीला लागू द्या. श्वास आपल्या चालीने चालतोय, त्याला आवरायला जाऊ नका. हाडं दुखली किंवा मोडली की मगच आपल्याला आठवतात. आज ती धडधाकट असताना थोडा वेळ त्यांच्यापाशी बसू या.

जरा वाका आणि उजव्या नडगीवर बोट ठेवा. गुडघ्याच्या खालून घोट्याकडे सावकाश उतरत या. इथे मध्ये मांस नाही. कातडी आणि लगेच हाड. बोटाला एक धार लागते आणि तिच्या आतल्या बाजूला सपाट, गुळगुळीत भाग लागतो. हा टणकपणा हाताला जाणवला की वाटतं, हे काही सजीव नसावं. तिथेच थांबा. या हाडावर एक पातळ आवरण आहे आणि त्यात मज्जातंतूंचं जाळं आहे. म्हणून तर अंधारात खाटेला नडगी आपटली की डोळ्यांत पाणी येतं. हाडाच्या आत रक्तवाहिन्या शिरलेल्या आहेत. वजनाने निम्म्याहून अधिक भाग कॅल्शियम आणि फॉस्फेटच्या खनिजाचा आहे, आणि त्याला धरून ठेवणारे कोलॅजन या चिवट प्रथिनाचे धागे आहेत. खनिजामुळे हाड दाब सोसतं, धाग्यांमुळे ते किंचित लवतं आणि तडकण्यापासून वाचतं.

सरळ व्हा. डावा हात मांडीवर ठेवा, तळवा वर. उजव्या हाताची बोटं डाव्या कोपराच्या टोकावर टेकवा आणि डावा तळवा हळूहळू पालथा करा. कोपराचं टोक जागचं हललं नाही. आता तीच बोटं मनगटाजवळ, अंगठ्याच्या बाजूच्या हाडावर न्या आणि तळवा पुन्हा उताणा-पालथा करा. हे हाड हाताबरोबर फिरतं. कोपरापासून मनगटापर्यंत दोन हाडं आहेत. तळवा वर असताना ती शेजारी शेजारी असतात. पालथा केला की अंगठ्याकडचं हाड करंगळीकडच्या हाडाला ओलांडून पलीकडे जातं. तव्यावरची पोळी उलटताना, किल्ली फिरवताना, ओंजळीतलं पाणी सोडताना हे ओलांडणं घडत असतं. आणखी एकदा करा, पण यावेळी डोळे मिटून.

मनगटात दोन ओळींत ८ छोटी हाडं आहेत. तळव्यातली आणि बोटांच्या पेरांतली धरून एका हातात २७ होतात, एका पावलात २६. प्रौढ माणसाच्या अंगात साधारण २०६ हाडं असतात. त्यांतली १०६ नुसत्या हातापायांच्या पंजांत आहेत. माणसाची जिथे वस्तूशी आणि जमिनीशी गाठ पडते, तिथे हाडं सर्वांत जास्त आणि सर्वांत बारीक आहेत. पायाची बोटं थोडी पसरा. तळपायाखालची जमीन जाणवू द्या.

आता तळहात छातीच्या मधोमध ठेवा. तळव्याखाली चपटं, उभं हाड आहे. दोन्ही बाजूंनी बरगड्या त्याच्याकडे येतात. एकूण १२ जोड्या, त्यांतल्या वरच्या ७ आपापल्या कूर्चेने थेट याला जोडलेल्या. श्वास घ्या. पिंजरा उचलला जातो, सोडताना बसतो. या चपट्या हाडाच्या पोटात लाल मज्जा आहे. बरगड्यांत, मणक्यांत आणि कमरेच्या हाडांतही ती आहे, आणि रक्त तिथे तयार होतं. या सगळ्या ठिकाणांहून मिळून प्रत्येक सेकंदाला २० लाखांहून अधिक तांबड्या पेशी रक्तात येतात. त्यांतली प्रत्येक सुमारे १२० दिवस जगते. एक श्वास या मोजणीसाठी द्या. मग मोजणी सोडून द्या.

हात तिथेच राहू द्या. खाली हृदयाचे ठोके लागतात का पाहा. हे ठोके नीट पडायचे तर रक्तात कॅल्शियमचं प्रमाण अगदी ठरावीक मर्यादेत राहावं लागतं. अंगातलं ९९ टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असतं, सुमारे १ किलो. खाण्यातून कमी पडलं, की गळ्यातल्या चार इवल्या ग्रंथी संदेश देतात आणि हाडांच्या कणगीतून थोडं काढलं जातं. पुढे ताटात दूध, नाचणी, तीळ आले, अंगाला ऊन लागलं, की पुन्हा भरता येतं. काढणं वर्षानुवर्षं चालू राहिलं आणि भरणं झालंच नाही, तर हाड आतून विरळ होत जातं.

काढणं आणि भरणं हाच हाडाचा नित्यक्रम आहे. एका जातीच्या पेशी जुनं हाड विरघळवून बारीक खड्डा करतात. हे काही आठवड्यांचं काम. दुसऱ्या जातीच्या पेशी तो खड्डा नव्या हाडाने भरतात. त्याला काही महिने लागतात. अशा रीतीने प्रौढ माणसाचा वर्षाला साधारण १० टक्के सांगाडा नवा होतो. दहा वर्षांपूर्वी ज्या हाडांवर तुम्ही उभे होता, त्यांतलं पुष्कळसं आता तुमच्या अंगात नाही.

मग नवं हाड कुठे घालायचं हे ठरतं कसं? हात कमरेखाली खुब्यावर आणा. मांडीच्या हाडाचं वरचं टोक आतून पोकळही नाही आणि भरीवही नाही. तिथे हाडाच्या बारीक पट्ट्यांची जाळी आहे. १८६७ मध्ये झुरिकचे शरीररचनाशास्त्रज्ञ हर्मान फॉन मायर यांनी या पट्ट्यांच्या वळणदार रांगा चितारून प्रसिद्ध केल्या. कार्ल कुलमान या अभियंत्याने त्या पाहिल्या आणि त्याला ओळख पटली: भाराखालच्या तुळईत ताण आणि दाब ज्या रेषांनी वाहतात, तशाच या रांगा. पुढे १८९२ मध्ये बर्लिनच्या युलियस वोल्फ यांनी नियम मांडला, की हाड आपल्यावर पडणाऱ्या भाराप्रमाणे स्वतःला घडवतं. हाडात रुतून बसलेल्या पेशी हा भार ओळखतात. पाऊल पडलं की हाड कणभर दबतं, आतल्या सूक्ष्म वाटांमधला द्रव हलतो, आणि इथे गरज आहे हे पेशींना कळतं. अवकाशात महिनोन्‌महिने राहिलेल्या अंतराळवीरांच्या खुब्याच्या हाडांची घनता दरमहा साधारण १ ते १.५ टक्क्यांनी घटलेली आढळली आहे. तिथे पाऊल जमिनीवर पडत नाही, वजन अंगावर येत नाही, म्हणून हाडाला कळवणारंच कुणी नसतं.

आता उभं राहू या. पावलं खुब्यांइतकी दूर घ्या आणि जमत असेल तर हात न टेकता उठा. उठताना सगळा भार मांडीच्या हाडांतून गुडघ्यांत, नडगीत, टाचेत उतरतो आहे. थोडं या पायावर, थोडं त्या पायावर झुका. हाडाला हे हवं आहे.

या उभं राहण्यातच एका व्यक्तीची आठवण करा: आपल्या घरातली वय झालेली आई, मावशी, आजोबा. मायेने आपण त्यांना म्हणतो, "तुम्ही बसा, काही करू नका," आणि हातातली पिशवी काढून घेतो, जिना चढू देत नाही. पाळी गेल्यानंतर बाईच्या शरीरातलं हाड राखणारं संप्रेरक ओसरतं. भार तर तिला अधिकच लागतो. हाड ठिसूळ झालं असेल, तर किती उचलायचं ते डॉक्टरांना जरूर विचारावं. पण काहीच उचलू न देणं ही काळजी नव्हे. ज्यांनी आयुष्यभर घर पेललं, त्यांच्या हाडांना अजूनही काम द्यायला हवं. पुढच्या वेळी बाजारातून येताना आईच्या हातातली पिशवी घेण्याआधी म्हणा, "अर्धं सामान माझ्याकडे दे, अर्धं तू घे. आणि चल, चालतच जाऊ."