वाटून खाणे आणि बिल वाटणे



आपल्या धर्मग्रामातील अनेक तरुण-तरुणी नोकरीसाठी रोज वसईहून लोकलने मुंबईला जातात. पगार झाला की शनिवारी संध्याकाळी वांद्रे, लोअर परळ अशा भागात मित्रमंडळींबरोबर जेवायला जाणे आता नित्याचे झाले आहे. त्यात वावगे काही नाही. परंतु तिथल्या काही हॉटेलांत जेवणाची एक वेगळी रीत आली आहे. तिला ‘स्मॉल प्लेट्स’ म्हणतात, कुठे कुठे ‘तापास’ हा स्पॅनिश शब्द वापरतात. आपापली थाळी मागवायची नाही. सात-आठ छोट्या बशा टेबलाच्या मधोमध येतात, सर्वांनी त्यातून घ्यायचे आणि शेवटी बिलाला डोकी मोजून भागायचे.

मध्यंतरी एका तरुणाने मला विचारले, “फादर, आम्ही सहा जण गेलो होतो. मी दारू घेत नाही. पोट भरले नाही म्हणून घरी येऊन पुन्हा भात जेवलो. तरी माझ्या वाट्याला दोन हजार आले. मी गुपचूप यूपीआयने पाठवले. हा अन्याय म्हणायचा, की माझाच कद्रूपणा?”

ही रीत जिथून आली तिथे काय होते ते आधी पाहू. ‘तापा’ म्हणजे झाकण. स्पेनमधील ग्रानादा शहरात आजही बऱ्याच ठिकाणी पेय मागवले की सोबत खाण्याची छोटी बशी फुकट येते. उत्तरेला सान सेबास्तियान हे शहर आहे. आपले संत इग्नेशियस लोयोला ज्या गिपुस्कोआ प्रांतातले, त्याच प्रांताची ही राजधानी. तिथे या खाण्याला पिंचो म्हणतात. पावाच्या तुकड्यावर काहीतरी ठेवून वर काडी टोचलेली असते. एका प्रसिद्ध पिंचोत तर पावही नाही, काडीला नुसते ऑलिव्ह, खारवलेला छोटा मासा आणि मुरवलेली मिरची. त्याला नाव पडले ते 1946 सालच्या ‘गिल्डा’ या चित्रपटावरून! लोक उभ्या उभ्या एक-दोन खातात आणि पुढच्या दुकानी जातात. जुन्या वळणाच्या ठिकाणी गिऱ्हाइकाने आपल्या काड्या मोजून आपणच आकडा सांगायचा. मित्र एकत्र निघाले तर आरंभीच सारखे पैसे काढून एकाच्या हाती देतात. ते संपले, की आणखी काढायचे का घरी जायचे हे सगळे मिळून ठरवतात. म्हणजे किती खर्च होणार ते प्रत्येकाला आधी ठाऊक असते. आपल्याकडे बशी तेवढी आली, ही मर्यादा तिकडेच राहिली. आणि बशी लहान असली तरी तिचा दर लहान नाही.

“मित्रांमध्ये हिशेब कसला?” असे काही जण म्हणतील. या म्हणण्याला मोठा आधार आहे. अॅरिस्टॉटलने नीतिशास्त्रावरील आपल्या ग्रंथात म्हटले आहे, की जिथे मैत्री आहे तिथे न्यायाची वेगळी गरज उरत नाही. पण त्याच ग्रंथात तो असेही बजावतो, की जे समान नाहीत त्यांना समान वाटा दिला की तक्रारी सुरू होतात. या दोन विधानांत मला विरोध दिसत नाही. मित्राची ऐपत आणि भूक आपण न सांगता ओळखतो, म्हणून मैत्रीत हिशेब लागत नाही. एक जण लाजेने गप्प बसला म्हणून हिशेब टळला, तर ती मैत्री न्यायाच्या वर गेलेली नसते, न्यायापर्यंतही पोहोचलेली नसते.

म्हणून त्या तरुणाला मी म्हटले, “तू कद्रू नाहीस. पण मित्रांना कळणार कसे? बिल आल्यावर नव्हे, मागवण्यापूर्वी बोल.” कोळंबी कोणी किती खाल्ली हे मोबाईलवर मांडत बसा, असे मी सुचवणार नाही. तसे जेवण घशाखाली उतरायचे नाही.

करिंथच्या मंडळीतही एकत्र जेवणावरूनच बिनसले होते. ज्यांच्यापाशी होते ते आधीच खाऊन-पिऊन तृप्त होत, ज्यांच्यापाशी नव्हते ते उपाशी राहत. इ.स. 55 च्या सुमारास संत पौलाने त्यांना खडसावले. अन्नाचे मोजून सारखे वाटे करा असे त्याने सांगितले नाही. एकमेकांसाठी थांबा असे सांगितले आणि ज्याला भूक आवरत नाही त्याने घरी खावे, असेही. आमच्या तरुणाच्या बाबतीत नेमके उलटे झाले, घरी येऊन जेवावे लागले ते ज्याने धीर धरला त्याला!

एक गोष्ट मात्र जास्त पगार असणाऱ्यांना सांगायची आहे. “आमच्या ड्रिंक्सचे वेगळे धरा” हे वाक्य कमी पगाराच्या मित्राला उच्चारणे फार जड जाते. तुमच्या तोंडून ते सहज निघू शकते, तेही मेनूकार्ड उघडतानाच.

– आपला प्रमुख धर्मगुरू